दर्यावरचे शेजारी

मुंबई ते गोवा समुद्रमार्गे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, म्हणजे चारशे किलोमीटरच्या थोडं वर. शिडाची लहान बोट ताशी पाच सागरी मैलांनी चालली, तर न थांबता दोन दिवसांत पोचेल. पण इतक्या घाईने जायचं असेल तर रेल्वे काय वाईट आहे? म्हणून हौशी मंडळी रमतगमत जातात. रात्री कुठल्या तरी खाडीच्या तोंडाशी किंवा किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकायचा आणि पहाटे उचलायचा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस सरलेला असतो, समुद्र निवळलेला असतो आणि शाळेत पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे खरोखरच वेळापत्रक ठरवतात. रात्री जमीन निवते आणि वारा तिच्याकडून समुद्राकडे वाहू लागतो. सकाळी नऊ-दहाला तो पडतो, तासदोन तास शिडं लोंबकळत राहतात आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरून येतो. दक्षिणेकडे निघालेल्याला तो मागून मिळतो. परतताना तोच तोंडावर येतो, पण ते दुखणं नंतरचं.

या वाटेवर हौसेने निघालेली दुसरी बोट क्वचितच भेटते. भूमध्य समुद्रात किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दर दहा-वीस मैलांवर मरिना असते. तिथे धक्क्याला बोट लावली की नळाचं पाणी, वीज आणि गप्पांना शेजारी तयार. आपल्याकडे मुंबई सोडली की पणजीपर्यंत तसलं काही नाही. सर्व सोयींची मरिना गाठायची तर थेट कोचीचं बोळगाट्टी बेट. त्यामुळे कोकणातल्या सफरीत शेजारी म्हणून भेटतात त्या पोटापाण्याच्या बोटी: मासेमारीच्या, प्रवासी नेणाऱ्या, कोळसा वाहणाऱ्या, पहारा देणाऱ्या. हौशी शीडवाला त्यांच्या कामाच्या जागेतून वाट काढत जाणारा पाहुणा. त्याने त्यांच्या चालीरीती शिकून घ्यायच्या असतात, आणि पहिला धडा गेटवेसमोरच मिळतो.

गेटवे ऑफ इंडियाच्या शेजारी १८४६ साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, पण त्याच्या समोरच्या पाण्यातल्या बोटींना धक्का नाही. त्या उघड्या पाण्यात बोयाला बांधलेल्या असतात आणि पावसाळ्याआधी बाहेर काढाव्या लागतात. त्यांच्यामधून दिवसभर घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचा ये-जा करतात. मांडव्याला जायला लाकडी लाँचला तास लागतो, कॅटामरान थोडी लवकर पोचते. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२०पासून गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोटही सुरू आहे. या सगळ्यांच्या मधून नौदलाच्या बोटी, पायलटच्या बोटी, तेलविहिरींकडे रसद नेणारी जहाजं. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच पाण्यात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली. त्याआधी जॅकेटं बाकाखाली बांधूनच राहत.

बंदराच्या तोंडाशी कासा खडक दिसला की जुन्या मंडळींना ‘रामदास’ आठवते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही आगबोट इथेच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. अमावास्या होती, पाऊस होता, बोट खच्चून भरलेली होती. त्यानंतरही कोकणबोटीची सेवा काही दशकं चालली. आगबोट बंदराबाहेर उभी राहायची आणि हर्णै, दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण अशा ठिकाणी पडाव येऊन उतारू, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, ट्रंका सगळं एकदमच उतरवून न्यायचे. रस्ते झाले, एसटी गावोगाव गेली आणि आगबोटी बंद पडल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या नावाने मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली होती, तीही कोविडच्या काळात थांबली. आज त्या जुन्या आगबोटींच्या वाटेवर नियमित चालतात ती मुख्यतः मालाची जहाजं.

त्यांच्याबद्दल एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरे की ती थांबू शकत नाहीत. न्हावाशेव्याहून निघालेल्या मोठ्या कंटेनर जहाजाने इंजिन उलटं फिरवलं तरी ते थांबेपर्यंत काही किलोमीटर पाणी मागे पडतं. त्याच्या ब्रिजवरून, म्हणजे सुकाणूच्या खोलीतून, नाकासमोरची लहान बोट दिसतही नाही. कायद्याने शिडाच्या बोटीला मान असला, तरी अरुंद बंदरमार्गात तो मागायचा नसतो.

खरी शिकवणी सुरू होते ती प्राँग्जचा दीपस्तंभ मागे टाकल्यावर. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. गोव्याकडे जावं तसतशी ही उंची कमी होत दोन-सव्वादोन मीटरवर येते. वाटेतल्या बोटी का बदलत जातात, त्याचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे. पालघर, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा ओढा इतका जोरदार असतो की मासे पकडायला जाळं ओढत हिंडावंच लागत नाही. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं लांबलचक डोलीचं जाळं बांधायचं आणि जाळ्याचं तोंड ओढ्याकडे करून ठेवायचं. पाणी मासळी आणून देतं. पाणी फिरलं की जाळंही फिरवायचं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही सगळी डोलीची मासळी. मुंबईचा सुका बोंबील जगभर गेला, त्यामागे हा ओढा आहे. डोलीच्या बोटीला म्हणून फार वेगाची गरज नसते. तिला ओढ्यात ठिय्या देऊन उभं राहता यावं लागतं आणि भरलेली पिशवी कडेवरून आत घेता यावी लागते.

नवख्या शीडवाल्याला या खुंटांची आणि त्यांना बांधलेल्या दोरांची धास्ती असते, कारण नकाशावर ते नसतात. पाण्यावर दिसतात ते फक्त बोये: कुठे प्लास्टिकचा डबा, कुठे थर्माकोलचा तुकडा, कुठे बांबूला बांधलेला काळा बावटा. बावटा कुठल्या बाजूला वाकलाय यावरून ओढा कळतो, आणि ओढा कळला की जाळं कुठल्या अंगाला पसरलंय तेही कळतं. चुकून कुणी तिकडे वळलं तर जवळच्या बोटीवरचा तांडेल आधी हात हलवतो, मग अंगातला शर्ट काढून हलवतो आणि शेवटी जे ओरडतो ते छापण्याजोगं नसतं. पण तो ओरडतो म्हणून बरं. दोर पंख्यात गुंतला तर चाकू दातात धरून पाण्यात उडी मारावी लागते, आणि थळच्या समोरच्या गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचंही दिसत नाही.

थळपासून काही किलोमीटरवर खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आणि त्यावर इंग्रजांनी १८६७ मध्ये उभारलेला दीपस्तंभ. बेटावर वेताळाचं ठाणं आहे. आसपासच्या कोळीवाड्यांतले नाखवे हंगाम सुरू होताना आणि नवी बोट पाण्यात लोटताना इथे येऊन जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. म्हणजे बारांतले चार गोव्याच्या वाटेवर पाण्यातून गाठता येतात, आणि चौघांच्याही आडोशाला आजही बोटी नांगर टाकतात. किल्ला बांधणाऱ्याने जागा निवडली ती वारा आणि खडक बघूनच.

रेवदंडा ओलांडला की डोलीचे खुंट विरळ होतात आणि रात्रीचं चित्र बदलतं. आता भेटतात त्या तरंगत्या जाळ्याच्या म्हणजे गिलनेटच्या बोटी. नायलॉनचं हे जाळं भिंतीसारखं पाण्यात उभं सोडतात. वरच्या कडेला तरंगणारे गोळे, खालच्या कडेला वजनं. सुरमई, रावस, पापलेट अंधारात त्यावर येऊन आदळतात आणि कल्ल्यांपाशी अडकतात. जाळं संध्याकाळी सोडायचं आणि पहाटेच्या आत ओढायचं. त्याची लांबी किलोमीटरच्या हिशेबात असते. एका टोकाला बोट बांधलेली, दुसऱ्या टोकाला दिवा लावलेला बोया, आणि मधल्या अंधारात काहीही नाही. दोन दिव्यांच्या मधली ती मोकळी वाटणारी जागा शिडाच्या बोटीला हमखास भुलवते.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जाळं ओढत चालणाऱ्या ट्रॉलरने वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावावा. इतर प्रकारची मासेमारी करणाऱ्याने वर लाल, खाली पांढरा. कोकणच्या किनाऱ्यावर हे नियम दिव्यांच्या बाजारभावावर चालतात. निळे, जांभळे, लुकलुकणारे, गणपतीच्या मखरातून उरलेले, असे सगळे दिवे डोलकाठीवर दिसतात. शीडवाले यावर वैतागतात. पण तांडेलाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं गणित सरळ आहे. आपण दिसलो पाहिजे आणि भावाची बोट दुरून ओळखू आली पाहिजे. रंगीत दिव्यांनी दोन्ही साधतं.

बोट कुठली, हे दिवसा तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. IND या इंग्रजी अक्षरांनंतर राज्याचं आणि जिल्ह्याचं चिन्ह, मग नोंदणीचा आकडा. त्याखाली किंवा वर देवाचं, आईचं, मुलीचं नाव. एकवीरा, महालक्ष्मी, गाझी, सेंट अँथनी. नावं वाचत गेलं तर किनाऱ्यावरची वस्तीही कळत जाते. मुंबई-रायगडात कोळी, रत्नागिरीच्या पट्ट्यात दालदी मुसलमान आणि खारवी, पुढे सिंधुदुर्गात मराठा आरमाराशी नातं सांगणारे गाबीत, गोव्यात ख्रिस्ती आणि हिंदू खारवी. समुद्रात मात्र सगळ्यांच्या वायरलेसवर चॅनेल १६च उघडा असतो आणि भाषा मिळून-मिसळून एक झालेली असते.

मुरूडच्या पुढे राजपुरीच्या खाडीत शिडाच्या बोटीला आपल्या जातीचं कुणीतरी भेटतं. जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या तिथल्या होड्या अजूनही शिडावर चालतात. जाड्या लाकडाची रुंद होडी, बुटकी डोलकाठी आणि तिच्यावर तिरकं चढवलेलं लांब परबाण. त्याला तिकोनी शीड. ही रचना अरबी समुद्रात शतकानुशतकं चालत आलेली आहे. आधुनिक यॉटला दिशा बदलताना शीड आपोआप दुसऱ्या बाजूला जातं. इथे परबाणाचं खालचं टोक धरून ते डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागतं, आणि त्या वेळी शीड फडफडत डोक्यावर येतं. राजपुरीचे खलाशी हे काम चालू गप्पा न थांबवता करतात. एक जण पायाने सुकाणू दाबून धरतो, दुसरा परबाण फिरवतो, तिसरा तोवर सिद्दीच्या तोफांचा इतिहास सांगत असतो. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथे पायऱ्यांवर लाट चढते-उतरते, आणि लाट वर असताना उतारूने पाय टाकायचा असतो. खलाशी दंड धरून त्याला नेमक्या क्षणी वर फेकतो म्हटलं तरी चालेल. लाखो रुपयांची यॉट बाळगणाऱ्याने इथे तासभर नुसतं बसून राहावं. वारा कसा वापरतात ते फुकटात शिकायला मिळतं.

शिडं टिकली ती इथे, कारण अंतर थोडं आहे, डिझेल वाचतं आणि पर्यटकांना मौज वाटते. बाकी किनाऱ्यावर १९६०-७०च्या दशकांत इंजिनं आली आणि डोलकाठ्या आखूड होत गेल्या.

दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्यांच्या मुखाशी आणखी एक शेजारी आडवा येतो. सपाट तळाची, पुढचा दरवाजा खाली टाकून एसटी, ट्रक, मोटारसायकली पोटात घेणारी फेरीबोट. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. पहिली २००३ मध्ये दाभोळला सुरू झाली आणि दापोलीहून गुहागरला जायला पडणारा खाडीभोवतीचा लांबचा फेरा वाचला. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचलेला असतो, तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. खोल पाणी कुठे आहे ते नकाशापेक्षा जंगलजेटीच्या वाटेवरून अधिक खात्रीने कळतं. तिच्या मागोमाग आत शिरायचं, हा शीडवाल्यांचा साधा ठोकताळा. फक्त भरती चढती असावी, म्हणजे रुतलंच तर सहा तास बोट तिरकी होऊन बसत नाही.

हर्णैला थांबायचं ते संध्याकाळच्या आत. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला मासेमारी बोटींची ही दाटी झालेली असते, कारण इथला बाजार वाळूतच भरतो. बोट किनाऱ्याला लागत नाही, तळ टेकेल. म्हणून ती थोड्या खोल पाण्यात उभी राहते आणि बैलगाडी तिच्याकडे जाते. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवान जोखडावर उभा, आणि बोटीच्या कडेवरून कोळंबीच्या, म्हाकुळाच्या, बांगड्याच्या टोपल्या गाडीत ओतल्या जातात. गाडी वाळूवर आली की बाया, दलाल आणि कारखान्यांचे खरेदीदार ढिगाभोवती कडं करतात. लिलाव करणारा आकडा म्हणत जातो, कुणी मान हलवतं, कुणी दुसऱ्याच्या हाताला हळूच स्पर्श करतं, आणि ढीग विकला गेलेला असतो. त्यावर बर्फ पडेपर्यंत पुढच्या ढिगाची बोली लागलेली असते. इथल्या बाया बोटीवर जात नाहीत, पण बोटीचा हिशेब त्यांच्या कनवटीला असतो. मासळी काय भावाने गेली ते नाखव्याला घरी गेल्यावर कळतं, असं इथे गमतीने म्हणतात. पुष्कळ घरांत ते गमतीपेक्षा जास्त खरं आहे.

जयगडच्या जवळ पुन्हा मोठी जहाजं दिसू लागतात. २००९ पासून चालू असलेल्या इथल्या खोल बंदरात कोळसा आणि लोहखनिजाची अवाढव्य जहाजं लागतात. त्यांतला माल लहान जहाजांत भरून उत्तरेला धरमतर खाडीकडे, डोळवीच्या पोलाद कारखान्याकडे जातो. ही लहान जहाजं रात्रंदिवस किनारा धरून चालतात. त्यांची वाट आणि गिलनेटवाल्यांची वाट एकच असल्याने जाळी कापली जातात आणि बंदरांच्या बैठकांत त्यावर भांडणं होतात.

रत्नागिरीचा मिरकरवाडा हे या वाटेवरचं सगळ्यात गजबजलेलं मासेमारी बंदर. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या बोटी इथे एकीला एक चिकटून इतक्या उभ्या असतात की धक्क्यावरचा माणूस पाय न भिजवता बंदरभर फिरून येईल. या बोटींवर चहा मागितला तर तो बहुधा नेपाळी खलाशाच्या हातचा मिळतो. ज्याच्या गावातून हिमशिखरं दिसतात आणि ज्याने अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता, असा पोरगा इथे दोरखंड गुंडाळताना भेटतो. स्थानिक तरुण बोटीवर जायला तयार नाहीत, ही नाखव्यांची तक्रार किनाराभर ऐकू येते. तरुणांचं म्हणणंही ऐकण्याजोगं आहे. आठ-आठ दिवस बर्फावर झोपल्यासारखं राहायचं, वाटा मासळीवर अवलंबून, आणि मासळी दरवर्षी कमी.

ती कमी का होते, यावरचा वाद पाण्यावरच पाहायला मिळतो. पर्ससीनची बोट बांगड्याच्या किंवा तारलीच्या थव्याभोवती जाळ्याचं कडं करते आणि खालची दोरी ओढून जाळ्याचा बटवा आवळते. एका फेरीत टनावारी मासळी. महाराष्ट्राने २०१६ मध्ये या मासेमारीवर क्षेत्राची आणि महिन्यांची बंधनं घातली. रात्री झगझगीत एलईडी दिवे पाण्यात सोडून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. तरी काळोख्या रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो तेव्हा तो कशाचा, हे विचारायला लागत नाही.

पहारेकऱ्यांची गाठही याच टप्प्यात पडते. २००८च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी ‘कुबेर’ नावाची पोरबंदरची मासेमारी बोट पळवून आले. तेव्हापासून किनाऱ्यावरचा प्रत्येक अनोळखी सांगाडा तपासण्याचा आहे, आणि पांढऱ्या शिडाची यॉट तर चांगलीच अनोळखी. तटरक्षक दल वायरलेसवर नाव, मालक, कुठून कुठे, माणसं किती हे विचारतं. सागरी पोलीस जवळ येऊन कागद पाहतात. निघण्याआधी ठिकठिकाणच्या बंदर अधिकाऱ्यांना कळवलेलं असलं की पाच मिनिटांत काम होतं. नसलं की संध्याकाळ जाते. मच्छीमारांना तर हे रोजचंच. त्यांच्याकडे ओळखपत्रं आहेत, मोठ्या बोटींवर आपली जागा कळवणारी यंत्रणा आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या एका कार्यक्रमात एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना जाहीर झाली. वादळाची सूचना त्यावर येते. तांडेल ते लावून घेतो, पण कुठल्या जागी मासळी लागली हे त्यावरून दुसऱ्याला कळणार नाही ना, याची आधी खात्री करून घेतो.

विजयदुर्गची वाघोटण खाडी ही सगळ्या वाटेवरची सर्वांत सुरक्षित नांगरण्याची जागा. आत गिर्ये गावाजवळ मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं इथे दुरुस्तीला लागत. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं जड जहाज, तोफांसाठी. गलबत लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. सकाळी वारा पडलेला असताना इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी डुलत राहत आणि वल्ह्यांची गलबतं मागून येऊन त्यांना गाठत. सकाळचा तो पडलेला वारा आजही शीडवाल्याला इंजिन सुरू करायला लावतो. याच पट्ट्यात कधीतरी गुजरातचं लाकडी वहाण, म्हणजे मालवाहू जहाज, दिसतं. कच्छमधल्या मांडवीला अजून अशी वहाणं बांधतात. शिडं गेली, डिझेल इंजिन आलं, तरी फुगीर पोट आणि उंच मागची बाजू तशीच.

मालवणला पोचेपर्यंत भरतीचा जोर उतरलेला असतो आणि किनारे लांब, वाळूचे झालेले असतात. इथे रापण चालते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढून परत किनाऱ्याला येते आणि दोन्ही टोकांचे दोर गावातली माणसं ओढत राहतात, तासन्‌ तास. होडीला एका बाजूने उलांडी असते, म्हणजे आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडाचा ओंडका, ज्यामुळे अरुंद होडी लाटेत कलंडत नाही. रापणीचे हक्क, पाळ्या आणि वाटे पिढ्यान्‌ पिढ्या ठरलेले. दोर ओढायला हात लावला की वाटेकरी, हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज. सुट्टीवर आलेला पाहुणाही चार बांगडे घेऊन घरी जातो. या रापणकरांचं वैर आहे ते कर्नाटकातल्या मालपेहून रात्री येणाऱ्या वेगवान ट्रॉलर्सशी. ते किनाऱ्याजवळचा तळ खरवडून नेतात आणि स्थानिकांची जाळीही. मालवणच्या समुद्रात यावरून बोटी अडवल्या गेल्या आहेत, मारामाऱ्या झाल्या आहेत.

हीच लढाई गोव्यात आधी झाली. १९७०च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली तिथले रांपणकार यांत्रिक ट्रॉलर्सविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला. किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक होड्यांसाठी राखण्याची तरतूद त्यातून झाली. महाराष्ट्राचा कायदा त्याच्या पुढच्या वर्षीचा.

वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दीपस्तंभ डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, यावर शीडवाल्यांत दोन मतं आहेत. रात्र असेल तर दोन्ही मतं बाजूला ठेवून बाहेरून जावं. त्यानंतर आग्वाद आणि मांडवी नदीचं मुख. समोर कॅसिनोंची दिव्यांनी लखलखणारी जहाजं नांगरलेली आणि त्यांच्या बाजूने गंजके बार्ज. २०१२च्या आणि पुन्हा २०१८च्या खाणबंदीनंतर खनिज वाहणाऱ्या बार्जची वर्दळ ओसरली आणि कित्येक बार्ज नदीकाठी सडत पडले.

पण याच मांडवीत, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये जगप्रदक्षिणा पुरी करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून कुठेही न थांबता फेरी मारली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ घेऊन वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २०१७ मध्ये गोव्याहूनच निघाल्या. याच दांडेकरांनी पुढे अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून ‘कौंडिण्य’ बांधलं, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हातून, एकही खिळा न वापरता, फळ्या काथ्याने शिवून. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून मस्कतला पोचलं. फळ्या शिवायची ही विद्या अजिंठ्याइतक्या लांब शोधायला जायला नको होतं. गोव्याच्या रांपणीच्या जुन्या होड्या अशाच शिवलेल्या असत. आता त्यांची जागा फायबरने घेतली आहे. फायबरला दरवर्षी तेल पाजावं लागत नाही आणि पावसाळ्याआधी शाकारायची चिंताही कमी.

परतीचं सांगायचं तर मालक मंडळी बहुधा गोव्याहून विमानाने घरी जातात. बोट उत्तरेला न्यायचं काम पगारी खलाशांकडे येतं, आणि त्यांना दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर घेऊन रोज पन्नास मैल काढायचे असतात. त्यावरची त्यांची युक्ती मासेमारांचीच आहे: दुपारी नांगर टाकून झोपायचं, रात्री दोन-अडीचला मतलई सुटला की किनाऱ्याला लागून निघायचं आणि वारा पडेपर्यंत जितकं कापता येईल तितकं कापायचं. त्याच सुमाराला बंदरातून मासेमारी बोटीही बाहेर पडत असतात. देवगड, विजयदुर्ग, मिरकरवाडा, हर्णै, आगरदांडा असे मुक्काम करत पाच-सहा दिवस लागतात. पैकी डिझेल कुठे मिळेल, पंपावर मासेमारीच्या नोंदणीशिवाय देतील की नाही, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवावं.